टपालाच्या तिकिटांवरील फुलें

जमविण्याची हौस मनुष्यास उपजतच असते. लहान मूल शंखशिंपले, गोट्या, मोरपिसें गोळा करितें. मोठा मनुष्य पुस्तकें, नाणीं, चित्रें जमवितो. ह्या हौशीस शिस्त लागली म्हणजे तिचा छंद होतो. शिस्त लागली नाहीं तर ती नुसता नाद होऊन राहते. टपालाचीं तिकिटें जमविणारीं मुलें प्रत्येक शाळेंत दोनचार तरी सांपडतातच, आणि "हे रद्दीचे कपटे कशाला?" म्हणून विचारणारे पालकही घरोघर सांपडतात. आम्हांस दोन्ही पक्षांशीं चार शब्द बोलावयाचे आहेत. तिकिटांचें राज्य अफाट आहे. म्हणून त्यांतील एकच लहानसा प्रांत आम्हीं ह्या लेखापुरता निवडिला आहे. तो प्रांत म्हणजे ज्यांवर फुलांचीं चित्रें छापिलेलीं असतात त्या तिकिटांचा.

आमचें म्हणणें आरंभींच सांगून टाकितों. फुलाचें तिकीट वहींत लाविल्यानें तें आपलें होत नाहीं. त्यावरील फूल ओळखतां येऊं लागलें म्हणजे तें आपलें होतें. ज्या मुलाच्या वहींत परदेशचीं फुलें शेंकड्यांनीं आहेत, पण शाळेच्या वाटेवरचा पांगारा ज्यास ओळखतां येत नाहीं, त्याच्या संग्रहास अजून आरंभच झाला नाहीं असें आम्ही समजतों.

प्रथम फूल तिकिटावर आलें कसें तें पाहूं. इंग्लंडांत १८४० सालच्या मे महिन्यांत डिंक लाविलेलें पहिलें टपाल-तिकीट निघालें. त्यावर राणी व्हिक्टोरियाचें मस्तक होतें. आशियांतील पहिलीं तिकिटें १८५२ सालीं, तेव्हां मुंबई इलाख्यांत मोडणाऱ्या सिंध प्रांतांत निघालीं. त्यांवर ईस्ट इंडिया कंपनीची व्यापारी खूण होती. राजेराण्यांचीं मस्तकें, राजचिन्हें आणि आंकडे ह्यांपलीकडे त्या काळच्या तिकिटांवर फारसें कांहीं नसे. फूल आलें तें राजचिन्हाच्या आश्रयानें. उत्तर अमेरिकेंतील नोव्हा स्कोशिया ह्या ब्रिटिश वसाहतीनें १८५१ सालीं काढिलेल्या तिकिटांवर मध्यें राजमुकुट असून त्याच्या भोंवतीं इंग्लंडचा गुलाब, स्कॉटलंडचें काटेरी फूल, आयर्लंडचें त्रिदल पान आणि त्या वसाहतीचें स्वतःचें मेफ्लॉवर हीं कोरिलेलीं होतीं. जपानच्या तिकिटांवर एकोणिसाव्या शतकापासून १९४७ पर्यंत सोळा पाकळ्यांची शेवंती दिसते. तें तेथील बादशाही घराण्याचें चिन्ह होय. हीं सारीं नक्षीचीं फुलें होतीं. त्यांवरून झाड ओळखावें असा हेतु त्यांच्या मागें नव्हता.

देठ, पान, पाकळी व रंग ह्यांसह रानांत दिसतें तसें फूल तिकिटांवर विपुल दिसूं लागलें तें विसाव्या शतकांत, रंगीत छपाई सुबक झाल्यावर. स्वित्झर्लंड देशांत मुलांच्या कल्याणासाठीं विशेष तिकिटें काढण्याची चाल १९१३ सालीं पडली. अशा तिकिटावर दोन आंकडे असतात. '१० + ५' असें छापिलें असेल तर पहिले १० सांतीम टपालाचे व वरचे ५ मुलांच्या कामासाठीं, असा त्याचा अर्थ. १९४३ व १९४४ सालीं, चोहोंकडे महायुद्ध पेटलेलें असतां, ह्या तिकिटांवर जेन्शियन, एडलवाइस, ॲस्टर अशीं आल्प्स पर्वतावरचीं फुलें आलीं. पत्र पाठविणाऱ्यानें फुलाचें तिकीट घेतलें कीं गरजू मुलांसाठीं चार पैसे आपोआप बाजूस पडत.

अंगठ्याएवढ्या चित्रामागें केवढा अभ्यास असूं शकतो ह्याचें एक उदाहरण मुलांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. ब्रिटननें १९६७ सालच्या एप्रिल महिन्यांत रानफुलांचीं ६ तिकिटें काढिलीं. त्यांपैकीं चारांचीं चित्रें विल्यम केबल मार्टिन नांवाच्या एका वृद्ध धर्मोपदेशकांनीं काढिलेलीं होतीं. त्यांचा जन्म १८७७ सालचा. चर्चचें काम संभाळून उरलेल्या वेळांत ते आपल्या देशांतील रानफुलें हुडकीत आणि प्रत्यक्ष झाडावरून त्यांचीं चित्रें काढीत. हा उद्योग सुमारें ६० वर्षें चालला. त्या चित्रांचा ग्रंथ १९६५ सालीं प्रसिद्ध झाला तेव्हां त्यांचें वय ८७ वर्षांचें होतें, आणि त्यांत १,४०० हून अधिक जातींचीं फुलें होतीं. पुढें दोनच वर्षांनीं त्यांची चित्रें तिकिटांवर आलीं. तिकीट लहान असलें तरी तें काढणाऱ्यानें साठ वर्षें फुलांकडे पाहिलें होतें. आपण तें साठ क्षण तरी पाहावें, इतकें त्याचें आपल्यावर ऋण आहे.

आतां आपल्या देशाकडे वळूं. भारतीय डाकखात्यानें फुलांचीं तिकिटें अनेकदां काढिलीं आहेत. नवशिक्यानें त्यांतले तीन संच आधीं मिळवावे. पहिला १९७७ सालच्या जुलै महिन्यांतील. त्यांत कमळ, ऱ्होडोडेंड्रॉन म्हणजे हिमालयांतला बुरांस, कदंब आणि कळलावी हीं चार फुलें आहेत. दुसरा १९८१ चा, फुलणाऱ्या वृक्षांचा. त्यांत पळस, वायवर्ण, बहावा व कांचन आहेत. तिसरा १९९३ चा, पुन्हा वृक्षांचाच. त्यांत ताम्हण, सोनसावर, पांगारा आणि भेंड आहेत. एकंदर बारा तिकिटें झालीं. ह्या बारांपैकीं बुरांस सोडला तर बाकीचीं अकरा फुलें महाराष्ट्रांतच पाहावयास मिळतात. म्हणजे ज्यास बारा तिकिटें मिळालीं त्यास अकरा भेटी देणें आहे असें समजावें.

हीं बारा तिकिटें सारख्याच सहजतेनें मिळत नाहींत. त्याचें कारण समजून घेण्याजोगें आहे. १९७७ च्या संचांत कमळाचें तिकीट २५ पैशांचें होतें, १९८१ च्या संचांत पळसाचें ३५ पैशांचें आणि १९९३ च्या संचांत ताम्हणाचें १ रुपयाचें. त्या त्या वेळीं देशांतील साध्या पत्राचा दर तोच होता. म्हणून हीं तीन तिकिटें घरोघरच्या पत्रांवर आलीं. कळलावीचें २ रुपयांचें किंवा भेंडाचें ११ रुपयांचें तिकीट जड पाकिटांसाठीं व परदेशच्या डाकेसाठीं उपयोगीं पडे. तीं आपल्या आजोबांच्या पेटींत क्वचितच सांपडतील. संग्राहकानें तिकिटाच्या किंमतीचा आंकडा अशा रीतीनें वाचावयास शिकावें. तो आंकडा त्या तिकिटाचा प्रवास सांगतो.

आतां फुलांच्या भेटींचें वेळापत्रक देतों. माघ-फाल्गुनांत, म्हणजे फेब्रुवारी-मार्च महिन्यांत, पळस, पांगारा, सोनसावर व कांचन फुलतात. पळस केशरी आणि पांगारा लालभडक. सोनसावर खडकाळ टेंकड्यांवर असते; तिच्या निष्पर्ण फांद्यांवर मोठीं पिवळीं धमक फुलें येतात. कांचनाचें पान मध्यें दुभंगून आपट्याच्या पानासारखें दिसतें; त्याची एक जात वसंतांत फुलते व दुसरी पावसाळा सरल्यावर. मार्च-एप्रिलांत वायवर्णाचा बहर येतो. त्याचीं फुलें पांढरीं उमलतात, मग पिवळीं होतात, आणि लांब केसरांमुळें दुरूनही ओळखूं येतात. 'पळसाला पानें तीनच' ही म्हण सर्वांस पाठ आहे. पण पांगारा आणि वायवर्ण ह्यांनाही तीन-तीनच दलें असतात, हें किती जणांनीं पाहिलें आहे? पळसाचीं दलें मोठीं व चिवट, पांगाऱ्याच्या फांदीस काटे, आणि वायवर्णाचीं दलें कोंवळीं व टोंकदार, अशा खुणा ठेविल्या म्हणजे तिघांत गोंधळ होत नाहीं.

एप्रिल-मे महिन्यांत बहाव्याचे सोनेरी घोंस लोंबतात. गेल्या वर्षाच्या काळ्या, काठीसारख्या शेंगा त्यांच्या शेजारींच असतात. त्याच सुमारास ताम्हण फुलतो. त्याच्या जांभळ्या पाकळ्या चुरगळलेल्या रेशमी कापडासारख्या दिसतात. महाराष्ट्रानें ह्या फुलास राज्यपुष्पाचा मान दिला आहे. तरी ताम्हण पाहिला आहे काय, असें विचारिलें असतां पुष्कळांस देवघरांतली ताम्हनच आठवते! भेंड समुद्रकांठीं सांपडतो. त्याचें पान पिंपळाच्या पानासारखें. फूल सकाळीं पिवळें उमलतें आणि कोमेजतांना तांबूस होतें. पावसाळा लागला म्हणजे कदंबाचे चेंडू दिसूं लागतात. तो चेंडू एक फूल नव्हे, शेंकडों बारीक फुलांचा तो गुच्छ आहे. भिंग घेऊन तिकिटावर पाहिलें तरी तें कळतें. श्रावण-भाद्रपदांत कुंपणांवर कळलावी चढते. तिच्या पानांचीं टोंकें वळून आधार धरितात आणि तांबड्या-पिवळ्या पाकळ्या मागें उलटतात. ही वेल पाहावी, पण तिच्या कंदास किंवा इतर भागास तोंड लावूं नये. ती विषारी आहे. हीच कळलावी आफ्रिकेंतील झिंबाब्वे देशाचें राष्ट्रीय फूल आहे, आणि त्या देशाच्या तिकिटांवरही ती भेटते. एका जातीचें फूल दोन खंडांच्या तिकिटांवर शेजारीं-शेजारीं लाविलें म्हणजे भूगोलाचा एक धडा तयार होतो.

येथेंच संग्रहाची मांडणी कशी असावी हा प्रश्न येतो. देशवार मांडणी सर्वांस माहीत आहे. फुलांच्या संग्रहास आम्ही कुलवार मांडणी सुचवितों, कारण तींत विचार करावा लागतो. कमळाचेंच उदाहरण घ्या. आपलें राष्ट्रीय फूल कमळ. बांगलादेशाचें राष्ट्रीय फूल 'शापला', म्हणजे पांढरें कुमुद. पुष्कळ मुलें दोहोंसही कमळच म्हणतात. कमळाचें पान वाटोळें असून देठ त्याच्या मध्यावर असतो. कुमुदाचें पान एका बाजूस चिरलेलें असून पाण्यावर तरंगतें. कमळाच्या पाकळ्या गळल्यावर मध्यें भोंकाभोंकांचा बीजकोश राहतो, तो कुमुदास नसतो. वनस्पतींच्या आनुवंशिक द्रव्याचा अभ्यास गेल्या कांहीं दशकांत झाला, त्यावरून तर असें ठरलें कीं कमळाचें जवळचें नातें कुमुदाशीं नाहीं. तें काश्मिरांतल्या चिनाराशीं आणि दक्षिण आफ्रिकेच्या प्रोटिया ह्या फुलाशीं आहे. गंमत अशी कीं, आपलें कमळाचें तिकीट ज्या १९७७ सालीं निघालें त्याच सालीं दक्षिण आफ्रिकेनें प्रोटियांच्या चित्रांचीं तिकिटें काढिलीं. हीं दोन तिकिटें एका पानावर लावणाऱ्या मुलास 'असें कां?' म्हणून कोणी विचारलें, तर त्याच्यापाशीं चांगलें उत्तर असेल.

कांचनाच्या पानावर हाँगकाँगचें एक तिकीट लावावें. १९६८ सालीं निघालेल्या त्या तिकिटावर कांचनाच्याच कुळांतलें एक जांभळट गुलाबी फूल आहे, आणि १९९७ पासून तेंच हाँगकाँगच्या ध्वजावर आहे. ह्या जातीचें झाड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका फ्रेंच मिशनऱ्यास समुद्रकिनाऱ्याजवळ सांपडलें. तो संकर असल्यामुळें त्यास बीज धरत नाहीं. फांद्या लावून व कलमें करूनच तो सर्वत्र पसरला. आपल्या कांचनाला चपट्या शेंगा लागतात, त्याला लागत नाहींत. तिकिटांवर शेंग दिसत नाहीं. ती झाडाखालींच शोधावी लागते.

तिकीट कित्येकदां रूढ चूकही दुरुस्त करितें. १९८२ सालीं आपल्या डाकखात्यानें हिमालयांतील फुलांचीं चार तिकिटें काढिलीं. त्यांत एक ब्रह्मकमळाचें आहे. तें पाहून मुलें म्हणतात, "आमच्या घरच्या ब्रह्मकमळासारखें हें मुळींच दिसत नाहीं." बरोबर आहे. आपल्याकडे कुंडींत लाविलेलें, पावसाळ्यांत रात्रीं उमलणारें व सकाळीं मान टाकणारें तें झाड निवडुंगाच्या कुळांतलें असून मूळचें अमेरिकेंतलें आहे. खरें ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळांतलें. तें हिमालयांत सुमारें ३,००० मीटरांहून अधिक उंचीवर वाढतें, आणि कागदासारखीं फिकट पानें भोंवतीं लपेटून थंडीपासून आपल्या बारीक फुलांचें रक्षण करितें. दोहोंपैकीं एकही कमळ नव्हे! त्याच संचांत फणा काढलेल्या नागासारखें एक फूल आहे. त्याची बहीण आपल्या सह्याद्रींत आहे; पहिल्या पावसाबरोबर महाबळेश्वराकडच्या रानांत जो सापकांदा फण्या उभारून येतो, तोच तो. २००६ सालीं निघालेलें कुरिंजीचें तिकीटही असेंच शेजारीं ठेवावें. दक्षिणेकडच्या डोंगरांवर ही बारा वर्षांनीं एकदां फुलते, आणि तिकीट निघालें तें वर्ष बहराचेंच होतें. तिच्या जातकुळींतली आपली कारवी सह्याद्रींत सात-आठ वर्षांनीं फुलते. जें मूल पांचवींत असतां कारवीचा बहर चुकवील, त्यास पुढचा बहर येईपर्यंत शाळा सोडण्याची वेळ येईल. म्हणून डोळे उघडे ठेवण्यास आजचाच दिवस बरा.

प्रत्येक तिकिटाखालीं पांच गोष्टी लिहाव्या, अशी आमची सूचना आहे: फुलाचें मराठी नांव, शास्त्रीय नांव, देश, साल, आणि 'पाहिलें कोठें व केव्हां'. शास्त्रीय नांवें कधींकधीं बदलतात; कदंबाचें १९७७ च्या सुमारास प्रचारांत असलेलें नांव आज प्रचारांत राहिलें नाहीं. म्हणून तीं पेन्सिलीनें लिहावीं. पांचवा रकाना मात्र फूल स्वतः पाहिल्यावांचून भरूं नये. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांत १९०६ सालापासून वाळविलेल्या वनस्पतींचा एक मोठा संग्रह आहे. ज्या फादर ब्लॅटर ह्यांचें नांव त्यास आहे ते जन्मानें स्विस होते. तेथील फादर सांतापाव ह्यांनीं तर पश्चिम भारतांतील वनस्पति पायीं हिंडून पाहिल्या, आणि पुढें ते भारतीय वनस्पति सर्वेक्षण खात्याचे प्रमुख झाले. अशा संग्रहांत प्रत्येक वाळलेल्या फांदीजवळ ती कोठें, केव्हां व कोणास मिळाली हें लिहिलेलें असतें. तेवढ्या चिठ्ठीमुळें ती फांदी शास्त्राच्या कामास येते. चिठ्ठी नसेल तर तो पाचोळा होय. आपल्या वहीचा पांचवा रकाना ही तशीच चिठ्ठी आहे.

आतां कांहीं व्यवहाराच्या सूचना. तिकीट पाकिटावरून कधींही ओढून काढूं नये. भोंवतालचा कागद राखून कापावें, आणि थंड किंवा किंचित् कोमट पाण्यांत पंधरावीस मिनिटें ठेवावें. डिंक सुटला म्हणजे तिकीट आपोआप वेगळें होतें. तें चिमट्यानें उचलून टीपकागदावर पालथें वाळवावें, आणि वाळल्यावर जड पुस्तकाखालीं दाबावें. रंगीत पाकिटाचे तुकडे निराळ्या भांड्यांत भिजवावे, नाहीं तर रंग उतरतो. हल्लींचीं कांहीं तिकिटें आपोआप चिकटणारीं असतात; तीं पाण्यानें सुटत नाहींत, म्हणून कागदासह कापूनच ठेवावीं. सुवासिक तिकिटेंही भिजवूं नयेत. भूताननें १९७३ सालीं गुलाबाच्या वासाचीं तिकिटें काढिलीं होतीं; आपल्याकडे २००७ सालीं गुलाबांचीं चार व २००८ सालीं मोगऱ्याचीं सुवासिक तिकिटें निघालीं. तो वास कालांतरानें उडून जातो. चित्र तेवढें राहतें.

तिकीट वहींत खळीनें किंवा डिंकानें चिकटवूं नये. त्यासाठीं मिळणाऱ्या पातळ कागदी बिजागऱ्या वापराव्या, अथवा पट्ट्यांची तयार वही घ्यावी. कोंकणांत व मुंबईंत पावसाळा हा तिकिटांचा मोठा शत्रु आहे. दमट हवेनें कोऱ्या तिकिटांचा डिंक ओला होऊन तीं एकमेकांस चिकटतात, आणि जुन्या कागदावर तांबूस ठिपके पडतात. म्हणून वही उभी ठेवावी, पानांमध्यें गुळगुळीत पातळ कागद घालावा, आणि कोरड्या दिवशीं ती उघडून वारा द्यावा. कडेचे दाते तुटलेलें, फाटलेलें किंवा शिक्क्यानें पार काळें झालेलें तिकीट चांगलें मिळेपर्यंतच ठेवावें.

एक गोष्ट आम्ही आग्रहानें सांगतों. घरांतील जुन्या पत्रांना विचारल्याशिवाय कात्री लावूं नये. संपूर्ण पाकीट, त्यावरील शिक्का, गांव व तारीख ह्यांसह, सुट्या तिकिटापेक्षां पुष्कळदां अधिक मोलाचें असतें. शिवाय तें कोणाचें तरी पत्र असतें. आजीच्या पेटींत पळसाचें तिकीट लाविलेलें १९८१ सालचें पाकीट सांपडलें, तर आधीं तें आजीच्या हातीं द्यावें. तें कोणी धाडिलें, त्यांत काय होतें, हें ती सांगेल. तिकीट कापून घेतल्यावर हें सांगावयास कोणी बसणार नाहीं.

विकत घेण्याचा मोह आवरावा. दुकानांत परदेशी फुलांच्या तिकिटांचे झगमगीत पुडे मिळतात. त्यांतील पुष्कळ तिकिटांनीं कधीं पत्र पाहिलेलें नसतें. छापखान्यांतूनच शिक्का मारून तीं विक्रीस येतात. शिक्का अगदीं कोपऱ्यांत स्वच्छ उमटलेला आणि मागें डिंक जसाच्या तसा दिसला तर ही खूण ओळखावी. १९६० नंतरच्या दशकांत इराणी आखाताजवळच्या अजमान, फुजैरा वगैरे लहान संस्थानांच्या नांवानें पशु, पक्षी, फुलें व प्रसिद्ध चित्रें ह्यांचीं असंख्य तिकिटें परदेशी व्यापाऱ्यांनीं खपविलीं. १९७१ च्या डिसेंबरांत तीं संस्थानें एकत्र येऊं लागलीं, तेव्हां हा व्यापार लवकरच आटोपला. अशीं तिकिटें बाळगण्यांत पाप नाहीं. पण त्यांस मोठी किंमत येईल ही आशा मात्र धरूं नये.

पालकांसही हेंच सांगणें आहे. फुलांचीं तिकिटें बहुधा लाखांनीं छापिलीं जातात. त्यांवर पैसा मिळविण्याचा विचार करूं नये. मुलाचा अभ्यास बुडतो कीं काय, ही चिंता रास्त आहे. आठवड्यांतून एक ठराविक तास आणि महिन्यास एक लहान ठराविक रक्कम, एवढें बंधन घातलें म्हणजे ती चिंता मिटते. मोठ्या शहरांच्या मुख्य टपाल कचेरींत संग्राहकांसाठीं स्वतंत्र खिडकी असते. तेथें छापील किंमतीसच नवीं तिकिटें मिळतात. डाकखात्यानें २०१७ सालीं इयत्ता ६ वी ते ९ वीच्या तिकीट-संग्राहक विद्यार्थ्यांसाठीं वार्षिक ६,००० रुपयांची एक शिष्यवृत्तिही सुरू केली. तिची चौकशी त्याच खिडकीवर करावी. पालकांनीं पैशापेक्षां आपला वेळ द्यावा. रविवारीं मुलास घेऊन कोसभर चालावें, आणि वहींतल्या एका तरी झाडाची भेट घालून द्यावी.

शेवटीं एक अडचण उरते. पत्रें कमी झालीं आहेत, आणि जीं येतात त्यांतील पुष्कळांवर तिकिटाऐवजीं यंत्राचा छाप असतो. पूर्वींच्या मुलांस तिकिटें आपोआप मिळत. आजच्या मुलास तीं मागून आणावीं लागतात. ह्यावर उपाय सोपा आहे. गोव्याची मावशी, बेळगांवचे काका, इंदुरास किंवा बडोद्यास असलेली आत्या, दूरदेशीं नोकरीस गेलेला दादा, ह्यांस आपण होऊन पत्र लिहावें. पाकिटावर शोधून फुलाचें तिकीट लावावें, आणि उत्तरीं तसेंच धाडावयास विनवावें. पत्रांत त्या फुलाचें नांव लिहावें व तें तिकडे फुलतें काय, असें विचारावें. मावशी म्हणेल, "अरे, हें तर आमच्या अंगणांत आहे!" मग त्या तिकिटाखालच्या पांचव्या रकान्यास गांव मिळेल, आणि सुट्टींत तेथें जावयास एक नवें कारणही मिळेल.

येत्या माघांत पांगारा फुलेल. कोऱ्या वहीचें पहिलें पान त्याच्यासाठीं राखून ठेवावें.